पातीचा कांदा आणि द्रवस्फटिकाची शेपटी

भाची एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मुंबईतल्याच एका कॉलेजात. गेल्या महिन्यात घरी आली ती वैतागूनच. "मामा, सरांनी एकच रेणू सात वेळा बनवायला सांगितलाय. फरक काय, तर शेपटीत एकेक कार्बन जास्त. सहापासून बारापर्यंत. एका कार्बननं असं काय मोठं होणार आहे?"

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे असा प्रश्न आला की मला गप्प बसवत नाही. तिचा विषय फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिकांचा. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. 'फेरो' म्हणजे लोखंड, पण या पदार्थांत लोखंडाचा कणही नसतो. लोखंड जसं चुंबकत्व धरून ठेवतं, तसे काही पदार्थ विजेच्या धन-ऋण टोकांची दिशा धरून ठेवतात. तेवढ्या साम्यावरून नाव पडलं आणि चिकटलं.

आधी शेपटीचं बोलू. स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल, रॉकेल आणि मेणबत्तीचं मेण हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत. कार्बनला कार्बन जोडत गेलेली साखळी, बाजूनं हायड्रोजन. सिलिंडरमध्ये तीन-चार कार्बनच्या साखळ्या असतात, म्हणून दाब काढला की वायू. पेट्रोलमध्ये साधारण पाच ते बारा. मेणात वीसच्या पुढे, म्हणून ते हातात धरता येतं. साखळी लांबली की शेजारच्या साखळीला चिकटायला जास्त जागा मिळते आणि पदार्थ वितळवायला जास्त उष्णता लागते. हे सगळं सरळ रेषेत चालतं. भाचीची अडचण अशी की द्रवस्फटिकांत तसं चालत नाही. तिथे शेपटी वाढली की कधी वितळणबिंदू चढतो, कधी उतरतो, आणि कधी पदार्थाची जातच बदलते.

१८८८ साली प्रागमध्ये फ्रिड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलचा एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंशांना स्फटिक मोडून गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो गढूळ द्रव एकदम नितळ झाला. मधल्या त्या गढूळ अवस्थेत पदार्थ वाहत होता, पण आतल्या रेणूंची शिस्त पूर्ण मोडलेली नव्हती. तीच द्रवस्फटिक अवस्था.

ही शिस्त समजून घ्यायला भाचीला मी फळ्यापाशी न नेता दादरच्या भाजीबाजारात नेलं. पातीच्या कांद्याच्या जुड्या आठवा. एका टोकाला टणक पांढरा कांदा, दुसरीकडे लांब लवचिक हिरवी पात. द्रवस्फटिकाचा रेणू बराचसा असाच असतो. त्याचा कणा ताठ असतो, बेंझीनची दोन-तीन कडी एका रांगेत जोडलेली, आणि त्याला कार्बनच्या साखळीची लवलवती शेपटी. खरं तर बऱ्याच रेणूंना दोन्ही टोकांना शेपटी असते. म्हणजे दोन्हीकडून पात फुटलेला कांदा म्हणा. असा बाजारात मिळत नाही, पण चालवून घ्या.

आता भाजीवाली जुड्या टोपलीत रचते तेव्हा काय करते बघा. पात आखूड असेल तर कांदे फक्त एका दिशेला तोंड करून पडतात, कुणी पुढे, कुणी मागे. दिशा एक, रांगा नाहीत. या अवस्थेला नेमॅटिक म्हणतात. पण पात लांब असली की कांद्याशेजारी कांदा आणि पातीशेजारी पात अशीच रचना नीट बसते. मग आपोआप थर पडतात. पांढरा पट्टा, हिरवा पट्टा, पुन्हा पांढरा. ही स्मेक्टिक अवस्था. हा शब्द साबणाशी नातं असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आणि तो अगदी बरोबर बसतो, कारण थरांवर थर घसरतात.

रेणूंना कुणी रचत नाही, मग ते स्वतः का रचले जातात? कारण तेल आणि पाणी वेगळं होतं तसंच काहीसं इथे होतं, फक्त रेणूच्या आकारात. कड्यांच्या ताठ भागांना एकमेकांचा शेजार बरा वाटतो, साखळ्यांना साखळ्यांचा. रेणू मधून तुटू शकत नाही, म्हणून पूर्ण वेगळं होणं जमत नाही. मग तडजोड म्हणून थर. शेपटी जितकी लांब, तितकी ही फारकत जोरकस. दोन कार्बनच्या शेपटीला फारकत घ्यायला अंगच नसतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर आकडे बघू. हल विद्यापीठातल्या जॉर्ज ग्रे यांच्या गटानं १९७३ मध्ये सायनोबायफिनाइल नावाची मालिका जगापुढे आणली. घड्याळांचे आणि कॅल्क्युलेटरचे पडदे त्यातूनच शक्य झाले. कणा तोच, एका टोकाला सायनो गट, दुसऱ्या टोकाला शेपटी. पाच, सहा, सात कार्बन असेपर्यंत फक्त नेमॅटिक. आठ आणि नऊ कार्बनला दोन्ही अवस्था, आधी थर आणि मग तापवल्यावर थर मोडून नुसती दिशा. दहाच्या पुढे नेमॅटिक गायब, थर मोडले की थेट नितळ द्रव. एकाच खोलीतल्या बाटल्या, फक्त शेपट्या वेगळ्या.

आणखी गंमत पुढे आहे. ही द्रवस्फटिकं किती अंशांना नितळ होतात? पाच कार्बनवाला सुमारे ३५ अंशांना, सहावाला २९, सातवाला ४३, आठवाला ४०. वर, खाली, वर, खाली. भाचीनं हे आकडे वहीत लिहून घेतले आणि म्हणाली, "मोजताना चूक झाली असेल कुणाची तरी." चूक नाही. कार्बनची साखळी सरळ काठीसारखी नसते, ती नागमोडी असते, कारण दोन जोडांमधला कोन १८० नव्हे तर साधारण ११० अंशांचा. त्यामुळे शेवटचा जोड कधी रेणूच्या लांबीच्याच दिशेनं जातो, कधी बाजूला वळतो. या मालिकेत विषम संख्येला तो सरळ पुढे जातो, रेणू जरा जास्त लांबट होतो आणि शिस्त जास्त तापमानापर्यंत टिकते. सम संख्येला टोक बाजूला खुपसलेलं, शेजाऱ्याला कोपर लागल्यासारखं. याला विषम-सम परिणाम म्हणतात. कणा आणि साखळी यांच्यामध्ये ऑक्सिजन असेल तर तोही मोजणीत धरला जातो आणि मग सम कार्बन वरचढ ठरतात. शेपटी जशी लांबते तसे तिला मध्येच पिळे पडतात, टोकाची दिशा तितकी ठाम राहत नाही आणि हे वर-खाली मंदावत जातं.

जाता जाता एक मुंबईकरी शंका. पाच कार्बनवाला ३५ अंशांना नितळ होतो म्हटल्यावर मे महिन्यात, पारा ३५च्या वर गेला की, घड्याळाचा पडदा कोरा पडायला हवा. नुसता तोच पदार्थ भरला असता तर पडलाही असता. म्हणून पडद्यात कधीच एक पदार्थ भरत नाहीत. वेगवेगळ्या शेपट्यांची आणि कण्यांची भेळ करतात. शेपट्या एकमेकांत नीट रचल्या जात नाहीत म्हणून मिश्रण सहजी गोठत नाही, आणि लांब कण्याचा एखादा रेणू वरची मर्यादा साठ अंशांच्या आसपास नेऊन ठेवतो.

आता तिच्या खऱ्या विषयाकडे. थर पडले, पण थरात रेणू ताठ उभे असतील तर त्याला स्मेक्टिक ए म्हणतात. सगळे एकाच बाजूला झुकले तर स्मेक्टिक सी. लोकलनं ब्रेक दाबला की दारातली सगळी माणसं एकाच बाजूला कलतात, तसं. फरक इतकाच की रेणू कलतात आणि कललेलेच राहतात. भाचीच्या या थरांच्या पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक होण्यासाठी हा कल हवाच, आणि कल मिळवायचा तर शेपटी लांब हवी.

याचं उत्तम उदाहरण अल्कॉक्सीबेंझोइक आम्लांचं. यांचे दोन रेणू आम्लाच्या बाजूनं हायड्रोजन बंधानं हात धरतात आणि मिळून एक लांब कणा, दोन शेपट्या असा जोड तयार होतो. सहा कार्बनपर्यंत नुसतं नेमॅटिक. सातपासून कललेले थर दिसू लागतात. आठ कार्बनला स्मेक्टिक सी सुमारे १०१ ते १०८ अंशांत मिळतं, म्हणजे जेमतेम सात अंशांची खिडकी. त्यावर १४७ पर्यंत नेमॅटिक. बारा कार्बनला तीच खिडकी ९५ ते १२९ इतकी रुंद होते आणि नेमॅटिकला वर जेमतेम आठ अंश उरतात. चार कार्बननं खिडकी पाचपट झाली. भाचीच्या "एका कार्बननं काय होतं"चं उत्तर मला वाटतं इथे मिळतं, आणि ते तिला पटलंही.

पण ही आम्लं फेरोइलेक्ट्रिक नाहीत. कल आहे, तरी वीज धरत नाहीत. का? रेणू जिकडे झुकला आहे त्या दिशेनं उभा आरसा धरा. आरशाची डावी-उजवी बाजू सारखीच दिसते. रेणूतल्या धन-ऋण टोकांच्या जोडीनं डावीकडे वळावं की उजवीकडे, याला काही कारण नाही, मग निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे, बेरीज शून्य. आता रेणूच असा घ्या की त्याची आरशातली प्रतिमा वेगळी असेल. डाव्या पायाची चप्पल आरशात उजव्या पायाची होते, तसा. अशा रेणूला कायरल म्हणतात. आता डावी आणि उजवी बाजू सारखी राहत नाही, सगळ्या जोड्या एकाच बाजूला किंचित जास्त वळतात आणि थराला स्वतःची विजेची दिशा मिळते. रॉबर्ट मेयर यांनी ही गोष्ट आधी केवळ सममितीच्या युक्तिवादानं मांडली आणि १९७५ मध्ये फ्रान्समधल्या सहकाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष पदार्थ बनवून दाखवली. मला हा युक्तिवाद विज्ञानातल्या सगळ्यात देखण्या युक्तिवादांपैकी वाटतो. कागदावर आरसा धरला आणि नवीन पदार्थ सांगितला.

त्या पहिल्या पदार्थाचं नाव डोबाम्बीसी. एका टोकाला दहा कार्बनची साधी शेपटी, थर आणि कल मिळवण्यासाठी. दुसऱ्या टोकाला पाच कार्बनची छोटी कायरल शेपटी. ही ज्या अल्कोहोलपासून येते ते दारू गाळताना उरणाऱ्या फ्यूजेल तेलात मिळतं. म्हणजे दोन शेपट्या, दोन वेगळी कामं. इथून पुढे 'शेपटीची लांबी' म्हणताना कोणती शेपटी ते विचारावं लागतं, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

कायरल शेपटीत दोन लांब्या असतात. पहिली कण्यापासून कायरल कार्बनपर्यंतची. डोबाम्बीसीत कायरल कार्बन आणि विजेची टोकं बाळगणारा गट यांच्यामध्ये एक सुटा कार्बन आहे. त्या सुट्या जोडावर शेपटी मोकळी गरगरते आणि डाव्या-उजव्यातला फरक पुसट होतो. म्हणून त्याचं ध्रुवण, म्हणजे एका दिशेला वळलेल्या त्या विजेचं माप, चौरस सेंटिमीटरला काही नॅनोकूलंब इतकंच. कायरल कार्बन गटाला थेट चिकटवला की फिरणं अडतं आणि ध्रुवण कितीतरी पटींनी वाढतं. उलट मध्ये कार्बन वाढवत गेलं तर ते घटतं, शिवाय प्रत्येक कार्बनगणिक त्याची दिशा उलटसुलट होते. पुन्हा तोच विषम-सम खेळ. दुसरी लांबी कायरल कार्बनच्या पलीकडची. ती वाढली तर सहसा फायदा होतो, कारण लांब टोक शेजारच्या रेणूंत रुतून बसतं आणि मधल्या कार्बनला गिरकी घेऊ देत नाही. म्हणूनच मिथाइलहेप्टाइल नावाची आठ कार्बनची शेपटी या क्षेत्रात इतकी लाडकी झाली. टोकियोतल्या गटानं १९८९ मध्ये एमएचपीओबीसी या पदार्थात लागोपाठचे थर उलट्या दिशांना कललेले दाखवले, त्यातही तीच शेपटी आहे.

ध्रुवण वाढवण्याचा एवढा अट्टहास वेगासाठी. नेमॅटिक पडद्यात रेणू विजेनं फिरतात, पण परत आपसूक येतात, त्याला काही मिलिसेकंद लागतात. फेरोइलेक्ट्रिकमध्ये जाताना आणि येताना दोन्ही वेळा वीजच ढकलते. उखळात तिरपं मुसळ धरून वरचं टोक गोल फिरवावं तसा रेणू कल न सोडता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरतो. त्याला लागणारा वेळ म्हणजे ढोबळमानानं दाटपणा भागिले ध्रुवण आणि विद्युत क्षेत्र यांचा गुणाकार. दाटपणा ०.१ पास्कल-सेकंद, ध्रुवण २० नॅनोकूलंब आणि दोन मायक्रोमीटरच्या फटीत १० व्होल्ट असं माना. उत्तर येतं १०० मायक्रोसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याच्या हजारपट वेळ लागतो.

आणि इथेच साधी शेपटी अंगावर येते. ती लांब केली की थर आणि कल पक्के होतात, खिडकी रुंदावते. पण पदार्थ दाट होतो, फिरायला जड जातो. वर विजेची टोकं नसलेला भाग वाढल्यानं तेवढ्याच जागेतलं ध्रुवण पातळ होतं, आमटीत पाणी वाढवल्यासारखं. भागाकारात वरचा आकडा वाढला, खालचा घटला, वेळ दोन्हीकडून वाढली. फार लांब केली तर मेणासारखं गोठायची ओढ लागते. म्हणून कामाचे बहुतेक रेणू आठ ते बारा कार्बनच्या आसपास घुटमळतात. भाचीच्या सरांनी सहा ते बारा का निवडलं ते आता कळलं असेल. नेमॅटिककडून कललेल्या थरांकडे जाणं त्या टप्प्यातच होतं.

१९८० मध्ये नोएल क्लार्क आणि स्वेन लागरवाल यांनी हा द्रव एक-दोन मायक्रोमीटरच्या फटीत दाबून बसवला. मोठ्या जागेत थरागणिक कलाची दिशा थोडी थोडी फिरत जाते आणि सगळं ध्रुवण आपल्याच वेटोळ्यात जिरतं. अरुंद फटीत वेटोळ्याला जागाच मिळत नाही, मग रेणूला दोनच स्थिती उरतात आणि वीज काढली तरी तो आहे तिथे राहतो. कल २२.५ अंश असेल तर दोन स्थितींत ४५ अंशांचं अंतर पडतं, आणि पोलरायझरमधून एक स्थिती काळीकुट्ट, दुसरी सर्वांत उजळ दिसते. हा कल नेमका बसवणं हेसुद्धा शेपट्यांच्या निवडीवर अवलंबून.

मग आपल्या फोनमध्ये हे का नाही? कारण थर नाजूक. बोटानं दाबलं किंवा फोन पडला की थर विस्कटतात आणि आपणहून जुळत नाहीत. शिवाय रेणू कलले की थर आखडतो. तीन नॅनोमीटरचा रेणू २२.५ अंश कलला तर थर २.७७ नॅनोमीटरचा. हा आठ टक्क्यांचा आखूडपणा भरून काढायला थर मध्ये दुमडतात आणि पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा उमटतात. शेपटीच्या टोकाला सिलिकॉनचा किंवा फ्लोरिनचा तुकडा जोडला तर थर इतके ठाम होतात की आखडणं बरंच कमी होतं. म्हणजे औषधही शेपटीतच. हे तंत्र टिकलं ते छोट्या, बंदिस्त पडद्यांत, कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरसारख्या ठिकाणी, जिथे कुणी बोट लावत नाही.

प्रयोगशाळेत हे सगळं दिसतं कसं? भाचीनं मला फोनवर फोटो पाठवले. पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली काचेच्या दोन पट्ट्यांत चिमूटभर पदार्थ, खाली तापवायची सोय. सहा कार्बनच्या नमुन्यात सुतासारख्या काळ्या रेषा तरंगत होत्या. दहाच्या नमुन्यात जपानी पंख्यासारखे आकार, आणि थंड होताना त्या पंख्यांवर बारीक समांतर रेघा. त्या रेघा म्हणजेच ते वेटोळं. खाली तिनं लिहिलं होतं, "आला गं बाई सी!"

मी तिला एक गोष्ट मुद्दाम शेवटी सांगितली. थरांशिवाय, नुसत्या नेमॅटिकमध्ये विजेची सगळी टोकं एकाच दिशेला वळू शकतील, अशी कल्पना माक्स बॉर्न यांनी १९१६ मध्येच मांडली होती. असे पदार्थ हाती लागले २०१७ मध्ये, आणि ते खरोखर फेरोइलेक्ट्रिक आहेत हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. त्यातल्या आरएम ७३४ या पदार्थाचं ध्रुवण सुमारे ६ मायक्रोकूलंब आहे. वर मी गणिताला जे २० नॅनोकूलंब धरले होते, त्याच्या तीनशेपट. कायरल कार्बनही लागत नाही. आणि त्याच्या टोकाची शेपटी? एका कार्बनची. ती लांबवत गेलं की ही अवस्था डळमळते.

भाचीनं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग विचारलं, "म्हणजे मी सात रेणू उगाच बनवले?"

"उगाच कसे? पण एक कार्बनवाला आठवा बनव. अन् सरांना हे तोंडी परीक्षा झाल्यावर सांग, नाहीतर आणखी सहा करायला लावतील."